कंठातील ग्रंथी आणि डोळ्यांतील व्यथा

मनुष्याच्या गळ्यात, स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिचे वजन सुमारे वीस ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने दोन तोळ्यांच्याही आतच. मराठी वैद्यकीय परिभाषेत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. परंतु आज खेड्यापाड्यांतही ती थायरॉइड याच नावाने ओळखली जाते. शरीराची ऊब, नाडीची गती, वजन, झोप आणि मनाची स्थिरता ही सारी या लहानशा ग्रंथीच्या स्रावावर अवलंबून असतात. तो स्राव वाढला की माणूस खाऊनपिऊन रोडावतो, त्याचे हात कापतात, छाती धडधडते. तो कमी पडला की अंग सुजते, वाचा जड होते आणि थंडी सोसवत नाही. हे सारे समजण्यासारखे आहे. पण या ग्रंथीच्या एका विकाराचा सर्वांत विलक्षण परिणाम तिच्यापासून वीतभर अंतरावर, डोळ्यांत, दिसून येतो. डोळे खोबणीतून पुढे येतात, पापण्या मिटत नाहीत, एका वस्तूच्या दोन वस्तू दिसू लागतात आणि डोळ्यांच्या मागून निघालेली ठणक कपाळावर पसरून बसते. गळ्यातील दोष डोळ्यांत का उतरावा, हे कोडे वैद्यकाला दोनशे वर्षे पुरले. त्या कोड्याचा इतिहास हा वैद्यांच्या शोधांचा इतिहास आहेच. तितकाच तो आपली व्यथा दुसऱ्याला पटवून देण्यासाठी धडपडणाऱ्या रुग्णांचाही आहे.

गळ्याची सूज प्राचीनांना चांगली ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन आहे. वात, कफ आणि मेद यांच्या अनुरोधाने त्याचे प्रकारही सांगितले आहेत. त्याच ग्रंथाच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे शहात्तर रोग मोजून दाखविले आहेत. परंतु कंठ एका प्रकरणात आणि नेत्र दुसऱ्या प्रकरणात. दोहोंची सांगड तेथे घातलेली नाही. ती प्रथम घातल्याचा मान बहुधा इराणातील वैद्य झैनुद्दीन जुर्जानी याला दिला जातो. बाराव्या शतकात ख्वारझमच्या शहाच्या आश्रयाने त्याने फारसी भाषेत वैद्यकाचा एक प्रचंड कोश रचला. गळ्याची सूज आणि बाहेर आलेले डोळे ही लक्षणे एकत्र आढळतात, अशी नोंद त्यात आहे. तथापि ही नोंद पश्चिमेकडील वैद्यांच्या दृष्टीस पडली नाही आणि तेथे सारा शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

तो सुरू झाला इंग्लंडातील बाथ या गावी. औषधी झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात केलेब पॅरी नावाचा वैद्य व्यवसाय करीत होता. १७८६ साली त्याच्याकडे सदतीस वर्षांची एक स्त्री आली. तिची छाती धडधडत होती, गळा सुजला होता आणि डोळे खोबणीतून पुढे आले होते. चेहऱ्यावर सतत भेदरल्यासारखी कळा होती. पुढे अशाच आणखी काही रुग्णांची त्याने टिपणे ठेवली. त्यांत एकवीस वर्षांची एक मुलगी होती. चाकांच्या खुर्चीतून उतारावरून वेगाने येताना ती बाहेर फेकली गेली. इजा फारशी झाली नाही, पण ती फार घाबरली आणि पंधरवड्याच्या आत तिच्या गळ्याची सूज दिसू लागली. मोठ्या धक्क्यानंतर हा विकार उद्भवू शकतो, ही समजूत तेव्हापासून आजपर्यंत वैद्यकात टिकून आहे.

या पॅरीला डोकेदुखीच्या प्रश्नातही विशेष रस होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मानेतील मोठी धमनी बोटाने दाबून धरली असता मस्तकाच्या काही तक्रारी थांबतात, असे त्याला आढळले होते, आणि त्यावर त्याने एक निबंधही प्रसिद्ध केला होता. हृदय, कंठ आणि मस्तक या तिहींकडे एकाच नजरेने पाहणारा हा पहिला निरीक्षक म्हटला पाहिजे. परंतु त्याला कीर्ती लाभायची नव्हती. १८१६ मध्ये त्याला पक्षाघात झाला, १८२२ मध्ये तो वारला आणि त्याची टिपणे मुलाने १८२५ साली छापली. तोपर्यंत पहिल्या रुग्णाला जवळजवळ चाळीस वर्षे होऊन गेली होती.

कीर्ती गेली ती डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज याच्याकडे. हा मोठा शिक्षक होता. विद्यार्थ्यांना पुस्तकापेक्षा रुग्णाच्या खाटेजवळ नेऊन शिकवावे, असा त्याचा आग्रह असे. १८३५ साली त्याने तीन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघींचीही छाती दीर्घकाळ आणि जोराने धडधडत होती आणि तिघींच्याही गळ्यातील ग्रंथी मोठी झाली होती. त्याच लेखात त्याने मित्राच्या एका रुग्णाचा उल्लेख केला. त्या स्त्रीचे डोळे इतके पुढे आले होते की झोपेतही पापण्या मिटत नसत, आणि उघड्या डोळ्यांत बुबुळाभोवती पांढरा भाग सर्व बाजूंनी दिसत असे. निरीक्षण अचूक होते. अर्थ मात्र चुकला. स्त्रियांच्या ज्या अनेक तक्रारी त्या काळी उन्मादाच्या, म्हणजे हिस्टेरियाच्या, सदरात टाकल्या जात, त्यांच्याशीच ग्रेव्हजने या विकाराचे नाते जोडले. या एका तर्काने पुढल्या पन्नास वर्षांतील रुग्णांचे मोठे नुकसान केले.

पाच वर्षांनी, १८४० मध्ये, जर्मनीतील मेर्झेबुर्ग या गावच्या कार्ल फॉन बाझेडो याने आपला लेख लिहिला. ग्रेव्हजचे लेखन त्याच्या माहितीत नव्हते. सुजलेला गळा, धडधडणारे हृदय आणि पुढे आलेले डोळे ही तीन लक्षणे त्याने एका सूत्रात ओवली; वैद्यकाच्या पुस्तकांत हे त्रिकूट त्या गावाच्या नावानेच प्रसिद्ध झाले. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे डोळे पुढे का येतात याविषयी त्याने केलेले अनुमान. डोळ्याच्या खोबणीतील मऊ ऊतक वाढते आणि ते डोळ्याला मागून ढकलते, असे त्याने लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकले होते. सूक्ष्म तपासणीची साधने नसलेल्या काळात केलेले हे अनुमान पुष्कळ अंशी खरे ठरले. तेव्हापासून इंग्रजी बोलणाऱ्या जगात हा ग्रेव्हजचा आणि युरोपच्या बहुतेक भागांत बाझेडोचा रोग म्हणून ओळखला जातो. पॅरीचे नाव लावावे, असा आग्रह विल्यम ऑस्लरसारख्या थोर वैद्याने धरला होता. परंतु तो मान्य झाला नाही.

यानंतर नेत्रवैद्य पुढे सरसावले. बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे याने १८६४ साली दाखवून दिले की, हा रुग्ण खाली पाहू लागला म्हणजे त्याची वरची पापणी डोळ्याबरोबर खाली येत नाही, मागे रेंगाळते. व्हिएन्नाच्या श्टेलवाग याने १८६९ मध्ये सांगितले की, रुग्णाची पापणी फारच क्वचित लवते. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळविण्याची शक्ती क्षीण होते, हे लाइप्त्सिगच्या म्योबियस याने नोंदविले. या साऱ्या खुणांना त्या त्या वैद्याचे नाव मिळाले आणि परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना ती पाठ करावी लागली. पण विद्यार्थ्याच्या वहीत जी खूण असते ती रुग्णाच्या घरात निराळ्या रूपाने वावरत असते. पापणी लवत नाही म्हणजे डोळा कोरडा पडतो, वाळू गेल्यासारखा खुपतो आणि वाऱ्याच्या झुळुकेबरोबर पाण्याने भरून येतो. डोळे आत वळत नाहीत म्हणजे पोथीची ओळ हलते, सुईत दोरा जात नाही आणि घटकाभर वाचन केले की कपाळ धरून बसावे लागते.

अशा रुग्णाचे जीवन त्या काळी कसे असेल, याची कल्पना इंग्लंडच्या एका कवयित्रीच्या चरित्रावरून येते. क्रिस्टिना रोसेटी ही चित्रकार दान्ते गेब्रिएल रोसेटी याची धाकटी बहीण. तिचा शांत, रेखीव चेहरा पाहूनच भावाने आपल्या तरुणपणच्या चित्रांत कुमारी मेरीचा चेहरा रंगविला होता. १८६२ साली तिचा पहिला मोठा काव्यसंग्रह निघाला आणि तिचे नाव झाले. १८७१ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ती अकस्मात आजारी पडली. गळा सुजला, हात थरथरू लागले, केस झडले, कातडीचा रंग काळवंडला आणि डोळे बाहेर आले. लंडनचे नामांकित वैद्य विल्यम जेनर यांनी रोगाचे नाव सांगितले. (देवीच्या लशीचे जनक एडवर्ड जेनर ते निराळे.) नाव मिळाले, पण उपाय मिळाला नाही, कारण तो त्या वेळी कोणाजवळच नव्हता. विश्रांती, हवापालट आणि धीर, एवढेच औषध होते. भावाच्या चित्रांमुळे जो चेहरा सर्वांच्या परिचयाचा झाला होता, तो आरशात पुन्हा कधी पूर्वीसारखा दिसला नाही. रोग पुढे ओसरला, पण त्याच्या खुणा राहिल्या. ती त्यानंतर तेवीस वर्षे जगली; समाजात फारशी मिसळेनाशी झाली, पण लिहीत राहिली. १८८१, १८८५ आणि १८९२ या वर्षी तिची पुस्तके निघाली आहेत. रोग बरा होत नसतानाही त्याच्याबरोबर राहून काम करीत राहणे म्हणजे काय, याचे हे उदाहरण आहे.

या काळात रोगाच्या कारणाविषयी मोठा वाद चालला होता. पॅरिसच्या शार्को यांच्यासारखे धुरंधर याला मज्जातंतूंचा विकार समजत. साहजिकच उपचारही त्याच दिशेने होत. रुग्णाला शांत राहण्याचा उपदेश केला जाई, मानेला विजेचे सौम्य झटके दिले जात आणि लक्षणे कमी झाली नाहीत तर दोष रुग्णाच्या स्वभावावर येई. १८८६ मध्ये म्योबियसने निराळा विचार मांडला. हा रोग मज्जातंतूंतून निघत नाही. गळ्यातील ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागते आणि त्यातून बाकीचे सारे उद्भवते, असे त्याने म्हटले. त्याला पुष्टी मिळाली ती एका उलट्या अनुभवातून.

स्वित्झर्लंडच्या डोंगराळ प्रदेशात गलगंडाचे प्रमाण फार होते. बर्न येथील शल्यवैद्य थिओडोर कोखर हे ही ग्रंथी काढण्याच्या कामात इतके निष्णात झाले की, पूर्वी प्राणावर बेतणारी शस्त्रक्रिया त्यांच्या हाती जवळजवळ निर्धोक झाली. पण १८८३ मध्ये त्यांनी आपले जुने रुग्ण पुन्हा बोलावून तपासले तेव्हा त्यांना धक्का बसला. ज्यांची ग्रंथी संपूर्ण काढली होती ते रुग्ण मंद, सुजलेले, थंडीने काकडणारे झाले होते. लहान मुलांची तर वाढच खुंटली होती. आपल्या हातून झालेला हा अनर्थ कोखर यांनी लपविला नाही. तो जाहीरपणे मांडला. ग्रंथी नसली म्हणजे काय होते हे त्यामुळे जगाला कळले आणि ती अतिरेक करू लागली तर काय होत असेल, हेही त्यावरून उमगले. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरी याने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशाच एका मरणोन्मुख स्त्रीला सावरले. तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. अर्काच्या आधारावर ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. कोखर यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या कीर्तीमुळेच १९१३ च्या उन्हाळ्यात एक निर्वासित रशियन जोडपे बर्नला आले. पती व्लादिमीर लेनिन, पत्नी नाडेझ्डा क्रुप्स्काया. तिचे डोळे पुढे आले होते, मान सुजली होती आणि छातीची धडधड थांबत नव्हती. क्राकूव येथे तिला तीन आठवडे विजेचे उपचार देण्यात आले. त्यांचा उपयोग शून्य झाला, असे लेनिनने एका पत्रात कळविले आहे. रोग मज्जातंतूंचा नाही, हे म्योबियसने सांगून सत्तावीस वर्षे झाली होती, तरी जुनी समजूत उपचारांतून गेली नव्हती, याचा हा पुरावाच आहे. डोंगराळ हवा चांगली म्हणून ती दोघे ताट्रा पर्वताच्या पायथ्याशी पोरोनिन या गावीही राहिली. शेवटी शस्त्रक्रिया ठरली. गुंगी न देता सुमारे तीन तास ती चालली आणि क्रुप्स्कायाने ती धैर्याने सोसली, असे लेनिनने आपल्या आईला लिहिले. दुसऱ्या दिवशी ताप चढला, वात झाला. मग ती सावरली. पूर्ण विश्रांती घ्यावी असा कोखर यांचा सल्ला होता, पण ती दोघे लवकरच परतली. क्रुप्स्काया १९३९ पर्यंत, सत्तर वर्षांची होईपर्यंत, जगली आणि क्रांतीनंतर रशियातील शिक्षण व ग्रंथालये यांच्या उभारणीत तिने मोठा वाटा उचलला. तिच्या उतारवयातील छायाचित्रांत मात्र ते पुढे आलेले डोळे तसेच दिसतात. गळा मोकळा झाला तरी डोळे पूर्ववत झाले नाहीत.

इथे कोड्याचा खरा गाभा उघडा पडतो. ग्रंथी हेच मूळ असेल तर ती काढल्यावर डोळे बरे का होऊ नयेत? या प्रश्नाला उत्तर नसतानाच ग्रंथीवरील उपाय मात्र झपाट्याने वाढत गेले. १८९५ मध्ये बाउमान याने तिच्यात आयोडीन असल्याचे दाखवून दिले. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत केंडल याने तिचा मुख्य स्राव, थायरॉक्सिन, स्फटिकरूपाने वेगळा केला. १९४१ च्या मार्च महिन्यात बोस्टन येथे सॉल हर्ट्झ याने किरणोत्सर्गी आयोडीन रुग्णाला पाजले. ग्रंथी आयोडीन शोषून घेते, तेव्हा किरणोत्सर्गी आयोडीन दिले तर ती आपोआप आतून जळेल आणि चाकू लावावा लागणार नाही, ही त्यामागची कल्पना. १९४३ मध्ये त्याच शहरी अॅस्टवुड याने स्राव रोखणारी थायोयुरॅसिल ही औषधी गोळी वापरात आणली. भारतात अणुऊर्जा खात्याने १९६३ साली मुंबईत परळ येथे किरणोत्सर्गी औषधोपचाराचे केंद्र सुरू केले आणि देशाच्या दूरदूरच्या भागांतून थायरॉइडचे रुग्ण तेथे येऊ लागले. ज्या रोगाला रोसेटीच्या काळी केवळ धीर हे औषध होते, त्याच्यावर आता घोटभर पाण्याएवढ्या औषधाने ताबा मिळविता येऊ लागला.

तरीही डोळ्यांची कथा निराळीच राहिली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या पत्नी बार्बरा यांना १९८९ मध्ये हाच रोग जडला. वजन उतरले, डोळे सुजले, त्यांतून पाणी वाहू लागले आणि एकाच्या जागी दोन दिसू लागले. किरणोत्सर्गी आयोडीनने त्यांची ग्रंथी निकामी करण्यात आली. नाडी ताळ्यावर आली. परंतु डोळ्यांचा त्रास चालूच राहिला. त्यासाठी स्टेरॉइड औषधे द्यावी लागली आणि १९९० च्या प्रारंभी डोळ्यांमागील भागावर क्ष-किरणांचे उपचार करावे लागले. पुढे १९९१ च्या मे महिन्यात अध्यक्ष धावण्याचा व्यायाम करीत असताना त्यांच्या हृदयाचा ठेका बिघडला आणि तपासणीअंती त्यांनाही तोच रोग असल्याचे निघाले. पतिपत्नींना एकच विकार व्हावा हा योगायोग इतका विलक्षण वाटला की, त्यांच्या निवासस्थानांतील पिण्याचे पाणीसुद्धा तपासण्यात आले. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. जगातील उत्तमोत्तम वैद्य हाताशी असतानाही डोळ्यांची आग आणि दुहेरी दृष्टी चुकविता येत नाही, हे मात्र साऱ्या जगाने पाहिले.

कोड्याचे उत्तर तोपर्यंत हाती येऊ लागले होते. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे अॅडम्स आणि पर्व्हस या दोघांनी १९५६ साली रुग्णांच्या रक्तात एक अपरिचित द्रव्य शोधून काढले. ते ग्रंथीला दीर्घकाळ चेतवीत राहत असे. पुढे कळले की ते एक प्रतिपिंड आहे. शत्रूशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, त्यांतलीच काही येथे चुकून आपल्याच ग्रंथीवर उलटतात आणि तिला विसावा घेऊ देत नाहीत. ग्रंथीच्या पेशींवर ज्या ठिकाणी ही प्रतिपिंडे चिकटतात, तशीच ठिकाणे डोळ्याच्या खोबणीतील ऊतकांतही आहेत. तेव्हा गळा आणि डोळा यांत एक मूळ आणि दुसरा फांदी असे नाते नाही. दोन्ही एकाच मुळाच्या फांद्या आहेत. एक फांदी तोडली म्हणून दुसरी सुकत नाही. रोसेटीपासून बुशपर्यंतच्या रुग्णांना जो अनुभव येत होता त्याचा अर्थ असा अखेरीस लागला.

डोकेदुखीचाही उलगडा यातच आहे. डोळ्याची खोबण ही हाडांची पेटी. तिच्यात सुमारे तीस मिलिलिटर एवढीच जागा. डोळा वळविणारे सहा स्नायू आणि भोवतीची चरबी सुजली की आतला दाब वाढतो. मागच्या आणि बाजूच्या हाडांच्या भिंती हटत नाहीत, म्हणून डोळा पुढे येतो आणि आत ठणका लागतो. स्नायू ताठरले की दोन डोळ्यांची चित्रे जुळत नाहीत. ती जुळवून घेण्याच्या अखंड प्रयत्नाने कपाळ आणि मान दुखू लागतात. स्राव वाढलेला असेल तर नाडीचे ठोके मस्तकात जाणवतात आणि झोप उडाल्याने दुखणे बळावते. उपचारानंतर स्राव कमी पडू लागला तर डोके दोन्ही बाजूंनी, मंद आणि सतत दुखत राहते. आजच्या वैद्यकीय वर्गीकरणात या प्रकाराला स्वतंत्र स्थान आहे. म्हणजे एकाच रुग्णाच्या एकाच तक्रारीमागे चार निरनिराळी कारणे असू शकतात. रक्ताचा कागद ठीक आला म्हणजे डोके दुखणे हा भास आहे, असे म्हणणे म्हणजे ग्रेव्हजच्या काळची चूक नव्या भाषेत करणे होय.

डोळ्यांच्या या विकाराची एक विशिष्ट चाल असते, हे रंडल या शल्यवैद्याने १९४५ च्या सुमारास आलेखाने दाखविले. काही महिने तो चढत जातो, मग थबकतो आणि पुढे थोडासा ओसरून स्थिरावतो. हे चक्र पुरे व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. या एका निरीक्षणाने उपचारांना वेळापत्रक दिले. सूज भरात असताना ती आवरणारी औषधे द्यायची आणि सारे स्थिरावल्यावर खोबणीची जागा वाढविणे, तिरळेपणा सुधारणे, पापण्या नीट करणे या शस्त्रक्रिया क्रमाने करायच्या, असा प्रघात पडला. खोबणीचे हाड काढून जागा करण्याची शस्त्रक्रिया नॅफझिगर याने १९३१ मध्ये पुढे आणली होती. किरणोत्सर्गी आयोडीनमुळे काही रुग्णांचे डोळे अधिक बिघडतात आणि आधीपासून स्टेरॉइड दिल्यास ते टळू शकते, हे इटलीतील वैद्यांनी १९९८ मध्ये सिद्ध केले. तंबाखूचा धूर हा या डोळ्यांचा मोठा वैरी, हेही याच काळात निर्विवाद ठरले. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेत टेप्रोट्युमुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. खास या नेत्रविकारासाठी मान्य झालेले ते पहिलेच औषध. दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे आठ वेळा ते शिरेतून देतात. डोळे मागे सरतात. परंतु औषध अतिशय महाग आहे, काहींच्या कानांवर त्याचा दुष्परिणाम होतो आणि काहींत रोग पुन्हा उलटतो.

म्हणून आजही बहुसंख्य रुग्णांचा दिवस साध्या उपायांवर निभावतो. डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणीवर हलकी पट्टी, उशाची बाजू उंच केलेली खाट, बाहेर पडताना काळा चष्मा, दुहेरी दिसणे जुळविण्यासाठी चष्म्यातील त्रिकोणी लोलक, हे सारे उपाय शोभेचे नाहीत, पण त्यांनी पुस्तक वाचता येते आणि रस्ता ओलांडता येतो. यांबरोबरच एक सावधगिरी मात्र विसरून चालत नाही. रंग फिके वाटू लागले किंवा नजर मंदावली तर मागे दृष्टीची नस दाबली जात असल्याची ती सूचना असते. अशा वेळी दिवस न मोजता वैद्याकडे धाव घ्यावी लागते.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. प्रत्येक पिढीतील वैद्यांना जे उमगले ते आधी रुग्णाने सांगितलेले होते. छाती धडधडते, हे बाथच्या त्या स्त्रीने सांगितले तेव्हा ते पॅरीने लिहून ठेवले. विजेने काही होत नाही, हे क्रुप्स्कायाने तीन आठवड्यांत ओळखले. गळा बरा झाला तरी डोळे दुखतात, हे शेकडो स्त्रियांनी सांगितले आणि ते ऐकणारे डनेडिनमध्ये भेटायला १९५६ साल उजाडावे लागले. आज मुंबई, नागपूर, इंदूर वा हैदराबाद येथे एखाद्या घरी गृहिणी दिवेलागणीला कपाळाला हात लावून बसते आणि घरातली माणसे म्हणतात, “गोळी चालू आहे ना, मग आता काय?” तेव्हा या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा असतो. त्या इतिहासाचे उत्तर एवढेच आहे की गोळी गळ्यासाठी आहे. डोळ्यांचे आणि डोक्याचे दुखणे वेगळे विचारले पाहिजे, वेगळे तपासले पाहिजे आणि सांगणाऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतले पाहिजे.